अक्काची गाडी डावीकडे का जायची

माझी मोठी बहीण धुळ्याला पिठाची गिरणी चालवते. लग्न होऊन गेली तेव्हा गिरणी तिच्या सासऱ्यांची होती, मग भाऊजींची झाली. भाऊजी गेले तेव्हा गल्लीत सगळे धरूनच चालले होते, की आता गिरणीला कुलूप लागणार. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं शटर वर केलं. "लोकांना भाकरी लागतेच ना रोज," एवढंच म्हणाली आणि मोटर सुरू केली.

गिरणीचा प्रश्न असा सुटला, पण गाडीचा सुटेना. भाऊजींची जुनी पांढरी छोटी गाडी शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. तिच्यावर पिठाचा थर बसायचा, अक्का तो पुसायची, पुन्हा बसायचा. माझा भाचा पुण्याला नोकरीला. तो दर फोनला म्हणे, "आई, विकून टाक. उभी राहून राहून खराब होईल." एकदा अक्का वैतागून म्हणाली, "उभी का राहील? मी चालवेन."

हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी हसले. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यात सायकल चालवली नाही, ती आता गाडी चालवणार! ती मात्र क्लासची फी किती ते सांगू लागली, तेव्हा मी हसायची थांबले.

तिनं खरंच क्लास लावला. शिकवणारे गृहस्थ तिच्याच गिऱ्हाईकांपैकी होते, गळ्यात टॉवेल, बोलणं तुटक. "अक्का, स्टिअरिंग धरायचं, त्याला मिठी मारायची नाही," असं पहिल्याच दिवशी बजावलं त्यांनी. पण शिकवलं मनापासून. अक्का त्यांच्या गाडीवर पांझरा नदीच्या पुलावरून जाऊन येऊ लागली, परीक्षेला बसली, पास झाली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिनं गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला. दळणाच्या डब्यावर पेढा ठेवून लोक घरी गेले.

आणि मग तिनं शेडमधून स्वतःची गाडी बाहेर काढली. ती गाडी काही सरळ जाईना.

मी असोद्याला राहते, जळगावच्या एका शाळेत शिकवते. रविवारी सकाळची बस धरून धुळ्याला गेले. देवपूरच्या पुढं नवे प्लॉट पाडलेत, घरं अजून झालेली नाहीत, नुसते रुंद रस्ते आणि बाभळी. तिथं अक्का गाडी चालवत होती आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसले होते. आमचं माहेर धुळ्याकडचं एक खेडं. आम्ही दोघी एकत्र आलो की माझी शाळेतली मराठी बाहेर चपलांजवळ राहते आणि घरात अहिराणी येते.

"अक्का, सरळ धर ना!"

"सरळच धरेल शे. देख ना मना हात!"

मी तिच्या हातांकडे बघितलं. हात सरळच होते. समोरून एक म्हैस निवांत रस्ता ओलांडत होती. अक्कानं ब्रेक दाबला, खालून कुठून तरी 'टक्' असा आवाज आला आणि गाडीनं डावीकडे तोंड वळवलं. आम्ही बाभळीच्या झुडपात थांबलो. म्हैस पुढं गेली. तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग जो तो कारणं सांगू लागला. क्लासवाले गुरुजी मुद्दाम एकदा येऊन गाडीत बसले. दोन चकरा मारून झाल्यावर टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "अक्का, तुमच्या डाव्या हाताला ओढ आहे. इतकी वर्षं दळणाचे डबे उचलून तो हात जोरकस झालाय." हे कारण इतकं पटण्यासारखं होतं, की सगळ्यांना पटलं. अक्कालाही पटलं. काही दिवस ती डावा हात नुसता टेकवून गाडी चालवत होती. गाडी तरी डावीकडेच.

टायरवाल्याकडे नेऊन तिनं अलाइनमेंट करून घेतली. चाकं एका रेषेत आली, त्या आठवड्यात गाडी जरा शहाण्यासारखी वागली, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. टायरवाल्यानंच मग वाकून दाखवलं, की पुढचं डावं टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत झालंय आणि बाहेरून मात्र नक्षी शाबूत. "असं का झालं?" अक्कानं विचारलं. तो म्हणाला, "मिस्त्रीला विचारा." मिस्त्री म्हणजे भाऊजींच्या वेळेपासूनचे, मालेगाव रोडकडचे मुस्लिम गृहस्थ, दाढी पांढरी, आवाज खणखणीत. ते त्या वेळी एका टेम्पोखाली आडवे होते. तिथूनच ओरडले, "शॉकअप गेले असतील, अक्का! पुढच्या महिन्यात आणा, आत्ता लग्नसराईच्या गाड्यांची गर्दी आहे!"

त्या आठवड्यात अक्काचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "मना कडथून नही होनार वं," म्हणाली. भाच्याला कोणीतरी बाभळीची हकिगत सांगितली होती. त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं, "आई, तुला कशाला हा त्रास? कुठं जायचं असेल तर रिक्षा आहे, मी आहे." त्या प्रेमानंच ती जास्त खचली होती. गुरुजींच्या गाडीला त्यांच्या बाजूलाही ब्रेक होता. तिला आता वाटू लागलं होतं, की इतके दिवस खरी गाडी तेच चालवत होते आणि आपण नुसत्या बसून होतो. तिनं गाडीवर जुनी चादर टाकली. मी फोनवर खूप काही बोलले, पण ज्या बाईला स्वतःला गाडी येत नाही तिच्या बोलण्याला काय वजन!

पुढं जे झालं ते गिरणीमुळं. गिरणीची मोटर लोखंडी बैठकीवर असते आणि बैठकीखाली रबराचे जाड तुकडे असतात, म्हणजे मोटरची थरथर जमिनीला लागत नाही. एका सकाळी गिरणी सुरू केली, तर पट्टा एका अंगाला सरकायला लागला. अक्कानं पट्टा ताणून बघितला, पुली बघितली, सगळं ठीक. मग तिनं वाकून बैठकीखाली बघितलं, तर एका कोपऱ्यातलं रबर चिरून भुगा झालेलं. मोटर चालू झाली, जोर आला, की तो कोपरा दबायचा आणि सगळी मोटर तिरकी व्हायची. बंद केली की पुन्हा सरळ. बंद असताना कोणी बघितलं असतं तर त्याला काहीच दोष दिसला नसता.

असं रबर तिनं आयुष्यात कितीदा बदललं असेल. याही वेळी बदललं. आणि हात पुसता पुसता तिला शेडमधली चादर दिसली.

मला मधल्या सुट्टीत फोन आला. "रविवारी ये. आणि जुनी साडी नेसीसन ये." मी काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

रविवारी गेले तर चादर काढलेली, गाडी प्लॉटांच्या रस्त्यावर उभी. अक्का म्हणाली, "तू बाहेर बस. डाव्या चाकाजवळ. मी थोडी पुढं घेईन आणि ब्रेक दाबीन, मग मागं घेईन आणि ब्रेक दाबीन. तू फक्त चाक बघ. चाक आणि त्याच्यावरचा पत्रा, यांच्यातली जागा बघ."

मी रस्त्याकडेला उकिडवी बसले. तेवढ्यात जवळच सुरू झालेल्या एका बांधकामाची राखण करणारे आबा काठी टेकत आले. "पंक्चर झालं का ताई?" मी म्हटलं, "नाही आबा, चाक बघतेय." आबा म्हणाले, "मग मीबी बघतो," आणि माझ्याशेजारी बसले.

गाडी हातभर पुढं आली, ब्रेक लागला. टक्. मला आधी वाटलं भास झाला. गाडी मागं गेली, ब्रेक लागला. टक्. या वेळी मी नीट बघितलं होतं. गाडी थांबली होती, पण चाक थांबलं नव्हतं. ते एकटंच आपल्या जागेवरून चांगलं बोटभर सरकलं होतं, जसा हलता दात जिभेनं ढकलला की सरकतो तसं.

"सरकनं!" मी ओरडले.

"सरकलं, सरकलं!" आबाही ओरडले.

अक्का उतरली. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, पण तिच्याशिवाय गाडी चालवणार कोण? मग मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. उजव्या चाकाचाही काढला, ते जवळजवळ जागचं हलत नव्हतं. अक्का पदर डोक्यावर घेऊन, मोबाइलवर सावली धरून, चष्मा पुढं-मागं करत तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिली. पुढं जाताना ब्रेक, की डावं चाक मागं. एक चाक मागं राहिलं की गाडी त्याच अंगाला वळणार. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि फार शांतपणे म्हणाली, "दोष मना नही. गाडीना शे."

मग एकदम हसायला लागली. आबांना कारण कळलं नव्हतं, तरी तेही हसले.

तिथूनच आम्ही मिस्त्रींकडे गेलो, हळूहळू, ब्रेक जपून लावत. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे अल्ला! हे तर बुश आहेत. मी झोपल्या झोपल्या शॉकअप सांगून मोकळा झालो." त्यांनी जॅक लावला, चाक काढलं आणि आम्हाला दोघींना खाली वाकून बघायला लावलं. चाक ज्या लोखंडी हाताला धरून असतं तो हात, आर्म म्हणतात त्याला, गाडीच्या अंगाला बोल्टनं जोडलेला असतो. त्या सांध्यात लोखंडी कडं आणि कड्यात रबर, तेच बुश. लोखंड लोखंडावर आपटू नये, चाकाला थोडं हलता यावं पण भरकटता येऊ नये, म्हणून. मिस्त्रींनी सांध्यात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घातली आणि जरा दाब दिला. सगळा आर्म मागं-पुढं लचकला. रबर कड्यापासून सुटून बाजूला लोंबत होतं, चिरा पडलेलं, जुन्या स्लिपरच्या टाचेसारखं. "नवीन असतं तर एवढ्याशा दाबानं हललं नसतं," ते म्हणाले. उजवीकडचं त्यापेक्षा बरं होतं, पण त्यालाही बारीक भेगा होत्याच. "जोडीनं बदलायचं. एका पायात नवी चप्पल आणि एकात जुनी, असं चालेल का?"

गाडी जुनी, म्हणून बुश धुळ्यात लगेच मिळेनात. मिस्त्रींनी आर्म उतरवला, जुनं बुश दाबून काढलं आणि नमुना म्हणून माझ्या हातात दिलं. मी ते कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि सोमवारी तसंच शाळेत नेलं. डबा काढताना ते टेबलावर घरंगळलं. शिक्षकांच्या खोलीत ते सगळ्यांच्या हातातून फिरलं. कोणी म्हणालं कुकरचा भाग आहे, कोणी म्हणालं पाण्याच्या मोटरचा. इतिहासाच्या बाईंनी ते नाकाशी नेऊन "उत्खननात सापडलं का?" असं विचारलं. मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "बाई, माझी गाडीपण ब्रेक लावला की टक् करते हो." त्यांना मी मधल्या सुट्टीत मैदानावर नेऊन चाकाशेजारी उकिडवं कसं बसायचं ते दाखवलं. आमच्या शाळेत माझा मान त्या दिवसापासून जरा वाढला आहे.

शाळा सुटल्यावर जळगावच्या सुट्या भागांच्या दुकानांत फिरले. पहिल्या दुकानदारानं दिलेलं बुश दिसायला अगदी तसंच होतं. पण अक्कानं बजावलं होतं, म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून बघितली, तर नव्याचं मधलं भोक किंचित मोठं. "बसतं हो ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, "बसेल, पण टिकेल का?" तो हसला आणि आतून दुसरं घेऊन आला. ते बरोबर जुळलं, म्हणून तशी दोन घेतली.

पुढच्या रविवारी मिस्त्रींकडे आमचा दरबार भरला. नव्या बुशाच्या रबरात दोन अंगांना मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कुठल्या दिशेला याव्यात हे आर्मवर खडूनं आखून मगच ते दाबून बसवायच्या प्रेसखाली धरायचं. मिस्त्री दांडा ओढत होते, अक्का डोळ्यांत तेल घालून खडूची रेघ बघत होती. बुश आधी अडलं, मग कण्हल्यासारखा आवाज करत आत सरकलं आणि बरोबर रेघेवर बसलं. "वा!" अक्का म्हणाली. भाकरी टम्म फुगली की म्हणते ना, अगदी तसंच.

आर्म चढवले, चाकं लावली, पण मिस्त्रींनी बोल्ट पुरते आवळले नाहीत. गाडी खड्ड्यावर घेतली, म्हणजे चारही चाकं जमिनीवर आणि मिस्त्री खाली. "चाक लटकत असताना आवळलं तर रबर पीळ खाऊन बसतं. मग गाडी खाली टेकली की ते सारखं पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गाडीवर रोजचं वजन पाहिजे. चला, दोघी आत बसा, आणि हलू नका."

आम्ही बसलो. अक्का स्टिअरिंगपाशी, मी शेजारी. खालून पान्याचा करकर आवाज येत होता. काही करायचं नाही आणि हलायचंही नाही, अशी बैठक आम्हा बहिणींना कितीतरी वर्षांत मिळाली नव्हती.

"तुला आठवतं का," मी म्हटलं, "भाऊजी गाडी चालवताना उजवा खांदा असा ओढून धरायचे? आपण त्यांना चिडवायचो, की फोटोला बसलेत म्हणून."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग स्टिअरिंगकडे. तिनं हळूच उजवा हात वर ठेवला आणि खांदा तसाच मागं ओढला. आम्हा दोघींना एकाच वेळी उमगलं. गाडी केव्हापासून तरी डावीकडे ओढत होती आणि तो माणूस बारीक बारीक उजवीकडे धरत होता. इतकी हळूहळू ती बिघडत गेली असणार, की आपण धरून ठेवतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

"संध्याकाळी खांदा दुखस म्हणून तेल लावी मांगे," अक्का म्हणाली. "मी म्हणे, वय झालं." तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. "आणि माले शिकाडता शिकाडता बी हेच म्हणे, जरा उजवीकडे धर, गाडीले तशीच सवय शे!"

"शिकवत होते तुला? कधी?"

"एकदाच. मी घाबरीसन उतरी गऊ." ती आता इतकी हसत होती की सीट हलत होती.

"अक्का, हलू नका!" खालून मिस्त्री ओरडले.

आम्ही तोंडाला पदर लावून बसलो, आणि त्यामुळं जास्तच हललो.

अलाइनमेंट करून घेतली आणि पुन्हा त्याच प्लॉटांच्या रस्त्यावर गेलो. अक्कानं वेग घेतला, रस्ता मोकळा बघून हात स्टिअरिंगवरून किंचित उचलले. गाडी सरळ. ब्रेक दाबला. आवाज नाही, वळणं नाही, गाडी जिथं थांबवली तिथं थांबली. गुरुजींना तिनं गिरणीवर बोलावून व्हिडिओ दाखवला. त्यांनी टॉवेलनं मान पुसली आणि म्हणाले, "मग तुमचा डावा हात चांगला आहे, अक्का." आता नवीन माणूस शिकायला आला आणि स्वतःच्या गाडीची तक्रार सांगू लागला, की ते "आधी चाकं बघून या" म्हणतात.

हिवाळ्यात आमच्या शेतात भरिताचा बेत होता. दरवर्षी असतो, दरवर्षी अक्का बसनं येते आणि दुपार व्हायच्या आत परतीच्या बसची काळजी करते. या वेळी भाचाही पुण्याहून येणार होता. तो रेल्वेनं जळगावला उतरून सकाळीच असोद्याला पोचला. नाना, म्हणजे माझे सासरे, कपाशीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजत होते. भाचा मला विचारत होता, "मावशी, आई किती वाजता येईल? बसस्टँडवर जाऊ का आणायला?" मी म्हटलं, "थांब जरा. वांगी सोल."

केळीच्या बागेपलीकडून पांढरी गाडी आली. पारोळा, एरंडोल, मग जळगावची सगळी गर्दी ओलांडून आली होती. गाडी शेताच्या वाटेवर खड्डे चुकवत सावकाश आली आणि बांधाजवळ थांबली. नाना जाळावरून उठत म्हणाले, "कोन घेऊन आलं गाडी?" दार उघडून अक्का उतरली, मागच्या सीटवरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा डबा काढला आणि म्हणाली, "मीच. भाकरी कोण थापतंय?"

भाचा वांगं हातात धरून उभा होता. मग त्यानं जाऊन आईच्या हातातला डबा घेतला. आणि दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्याला "आईनं आणली, धुळ्याहून, एकटीनं" असं तोच सांगत होता.

जेवणं झाल्यावर शेतात कामाला आलेल्या बायकांनी गाडीत बसायचं काढलं. अक्का त्यांना कोंबून भरून गावाच्या वेशीपर्यंत नेऊन आणत होती. एक फेरी झाली की दुसरी तुकडी तयार. खिडक्यांतून हात बाहेर, गाणी चालू, आणि नाना बांधावरून प्रत्येक फेरीला ओरडत होते, "अहो, हळू!" शेवटच्या फेरीला नानाही बसले. पुढच्या सीटवर, टोपी नीट करून.

ऊन उतरायच्या आत ती निघाली, कारण सकाळी गिरणी उघडायची होती. भाचा म्हणाला, "आई, मी चालवू?" ती म्हणाली, "तू शेजारी बस. दमलास तू प्रवासानं." तो बसला.

मी घरी येऊन भांडी विसळत होते तेव्हा फोन वाजला. मागून गिरणीचा घरघराट ऐकू येत होता.

"पोचले," अक्का म्हणाली. "आता ठेव. शटरखालून कोणीतरी डबा सरकवलाय, तेवढं दळून देते."